वाइडबँड रिसीव्हर: पेण-रोह्याहून काय काय ऐकू येतं?

मागचं सत्र पेणला झालं, आज आपण रोह्यात बसलो आहोत. पेणला यंत्र सुरू करून दाखवेपर्यंतच वेळ संपला होता. निघताना तीन-चार जणांनी थांबवून एकच प्रश्न विचारला, ‘‘एवढी मोठी पेटी आहे, तर मग यात पोलिसांचं बोलणं ऐकू येतं का?’’ या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाही, पण त्याला थोडं थांबावं लागेल. आधी पेटी काय करते ते नीट समजू द्या, म्हणजे उत्तरही नीट समजेल.

टेबलावर हा जो काळा डबा दिसतोय तो आयकॉम कंपनीचा आर-८५००. नव्वदच्या दशकातला आहे. १०० किलोहर्ट्झपासून २ गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी तो पकडतो. त्याच घराण्यातला नवा आर-८६०० हा १० किलोहर्ट्झपासून ३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याला रंगीत पडदा असतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय ते त्या पडद्यावर धबधब्यासारखं वरून खाली सरकत जातं. आमच्या जुन्या डब्याला पडदा नाही. सुई, आकडे आणि कान, एवढ्यावरच भागवावं लागतं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: हा रिसीव्हर आहे. फक्त ऐकतो. बोलायची सोय यात नाही, माइक लावायला जागाच नाही.

आता ‘वाइडबँड’ म्हणजे काय? घरातला साधा रेडिओ घ्या. त्याला दोन खिडक्या असतात. एक मीडियम वेव्हची, ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, आणि दुसरी एफएमची, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. बाकी भिंत. कंपनीनं ठरवलेल्या दोन खिडक्यांतून जेवढं दिसेल तेवढंच. ही पेटी म्हणजे घराची गच्ची आहे. चारही दिशा मोकळ्या. पण गच्चीवर उभं राहिलं की वारा, ऊन, पाऊस सगळंच अंगावर येतं, तेही लक्षात ठेवा. वाइडबँड यंत्राची बरीचशी दुखणी त्या मोकळेपणातूनच आलेली असतात.

नवीन माणूस पेटीसमोर बसला की पहिल्या दिवशी काय करतो? स्कॅन. सुरू केलं एका टोकाला आणि धावत सुटला दुसऱ्या टोकापर्यंत. आम्हीही हेच केलं होतं. तासाभरात कान किटतात आणि हाती काहीच लागत नाही. कारण नुसती फ्रिक्वेन्सी जुळून उपयोग नसतो, बोलण्याची पद्धतही जुळावी लागते. आकाशवाणीचं मीडियम वेव्ह केंद्र एएम पद्धतीत असतं. हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण हॅम म्हणतो, ते शॉर्टवेव्हवर सिंगल साइडबँड वापरतात. त्यात मूळ वाहक लहर गाळून टाकलेली असते आणि आवाजाची एकच बाजू पाठवलेली असते. एएमवर ठेवून ते ऐकलंत तर कुणीतरी नाक दाबून पाण्याखाली बोलतंय असं वाटतं. बटण फिरवून लोअर साइडबँडवर आणा, मग बारीक बारीक जुळवा, आणि बघता बघता त्या गुरगुरण्यातून माणूस बाहेर येतो. हा क्षण पहिल्यांदा अनुभवला की पुढची चार वर्षं घरच्यांना तुमचा त्रास.

फ्रिक्वेन्सीच्या भाषेची पुष्कळांना धास्ती वाटते, म्हणून एक आपल्या घरचं उदाहरण देतो. १९४२ साली ‘चले जाव’ आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला होता. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन महिने. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या. ते केंद्र आपला पत्ता काय सांगायचं, तर ४२.३४ मीटर. हा पत्ता मेगाहर्ट्झमध्ये कसा आणायचा? ३०० ला ४२.३४ नं भागा. उत्तर ७.०८ च्या आसपास येतं. आज आपल्या देशात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅम लोकांचा आहे. म्हणजे सकाळी चहाच्या वेळी आम्ही ज्या पट्ट्यावर देशभरातल्या हौशींच्या गप्पा ऐकतो, त्याच पट्ट्यात ते केंद्र बोलत होतं. आणि ते ऐकत कोण होतं? ऐकणारे लोक तर होतेच, पण सरकारही होतं. पोलीस दिशा शोधणाऱ्या यंत्रांनी माग काढत होते, म्हणून त्या मंडळींना जागा बदलत राहावं लागे. १२ नोव्हेंबरला धाड पडली. रेडिओ मॉनिटरिंग हा शब्द आज छंदाचा वाटतो, पण त्या रात्री तो कुणाच्या तरी तुरुंगवासाचा शब्द होता. हे मनात असू द्या. कायद्याकडे आलो की लागेल.

आता पेणच्या एका भुताची गोष्ट.

पेणच्या सदस्याच्या घरी आम्ही पहिल्यांदा मोठी तार बांधली. साधारण २५ मीटर लांब, गच्चीवरून मागच्या नारळापर्यंत. पेटी सुरू केली, प्रीअँप्लिफायर म्हणजे सिग्नल वाढवणारी पायरीही सुरू केली, कारण जास्त म्हणजे चांगलं असा आमचा समज. मीडियम वेव्हच्या अगदी वरच्या टोकाला, १६०२ किलोहर्ट्झवर, एक केंद्र मिळालं. त्यात दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळलेले. एक मराठी, दुसरं नीट कळेना. आम्ही खूश! नवं केंद्र सापडलं म्हणून वहीत लिहिलंसुद्धा. दोन दिवस त्याचं नाव शोधत होतो.

मग गटातल्या एका जुन्या माणसानं कागद घेतला. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर. मुंबईचंच दुसरं केंद्र १०४४ वर. बेरीज करा. ५५८ अधिक १०४४, बरोबर १६०२. ते केंद्र आकाशात कुठेच नव्हतं. ते आमच्या पेटीच्या पोटात जन्मलं होतं. मालाडचे प्रक्षेपण मनोरे पेणहून सरळ रेषेत ५५ ते ६० किलोमीटरवर. एवढ्या जवळून येणाऱ्या जोरदार लहरी लांब तारेनं गोळा केल्या, वर आम्ही त्या आणखी वाढवल्या, आणि आतल्या पहिल्याच पायरीला ते पेलेना. तिथे त्या दोन लहरी एकमेकींत गुंतल्या आणि बेरजेची, वजाबाकीची, दुपटीची पिल्लं निघाली. ५५८ ची दुप्पट १११६, तिथेही एक भूत होतं. आपला आधीचा गच्चीचा दृष्टांत आठवा. दारं-खिडक्या नसलेल्या जागी जोराचा वारा आला की जे होतं ते हेच.

भूत ओळखायचं कसं? याला एक सोपी युक्ती आहे. बहुतेक टेबल रिसीव्हरला अ‍ॅटेन्युएटरचं बटण असतं, येणारा सिग्नल मुद्दाम कमी करणारं. ते १० डेसिबलवर दाबा. खरं केंद्र असेल तर सुई १० डेसिबलनंच खाली येईल. दोन केंद्रांच्या बेरजेतून निघालेलं भूत असेल तर ते २० नं कोसळेल, कारण त्याचे दोन्ही आईबाप प्रत्येकी १० नं अशक्त झाले. आम्ही दाबलं आणि आमचं नवं केंद्र जवळजवळ गायबच झालं. वहीतली ओळ खोडली नाही, तिच्यापुढे ‘भूत’ असं लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

म्हणून आम्ही नव्या माणसाला सांगतो, पैसे पेटीवर उधळू नका. वाइडबँड टेबल रिसीव्हरची किंमत लाखाच्या घरात, कधी त्याच्याही पुढे जाते. २०१२ च्या सुमारास एक शोध लागला की टीव्हीसाठी बनवलेली पेनड्राइव्हएवढी स्वस्त यूएसबी काडी संगणकाला लावली तर ती साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकणारा रिसीव्हर होते. काही हजारांत काम भागतं. शॉर्टवेव्हसाठी एक बरा पोर्टेबल रेडिओ पुरतो. मोठी पेटी कशासाठी घ्यायची, तर गर्दीत शेजारी शेजारी असलेली केंद्रं वेगळी काढायला, जोरदार लहरींपुढे न बावरायला आणि तासन्‌तास जागेवरून न हलायला. ती गरज तुम्हाला आहे का हे दोन वर्षं ऐकल्यावर तुमचं तुम्हालाच कळतं.

अँटेनाबद्दल मात्र थोडं जास्त बोलणार, कारण कोकणात खरी लढाई तिथे आहे. शॉर्टवेव्हसाठी लांब तार आणि तिच्या टोकाला जुळणी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर. वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी डिस्कोन, म्हणजे वर थाळी आणि खाली छत्रीच्या काड्यांसारखा शंकू. ही एकटी २५ मेगाहर्ट्झपासून हजाराच्या पुढेपर्यंत चालते. कशातच उत्तम नाही, सगळ्यात बरी. पुस्तकं इथे थांबतात. पुस्तकात नारळ नसतो. नारळाला घट्ट तार बांधली की पहिल्याच वादळी वाऱ्यात झाड डोलतं आणि तार तुटते. म्हणून तिथे कप्पी लावायची आणि तारेच्या टोकाला एक वीट लोंबकळत ठेवायची. झाड हललं की वीट वर-खाली होते, तार शाबूत. पुस्तकात वानरंही नसतात. त्यांच्यावर आमच्याकडे उपाय नाही. केबलच्या जोडात जूनमध्ये शिरलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत आत राहतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. आणि मे महिन्यात, तसंच परतीच्या पावसात, ढग गडगडायला लागले की केबल यंत्रातून काढून घराबाहेर टाकायची. उद्या ऐकता येईल.

आता गोंगाट. पेण म्हटलं की गणपती. हमरापूर, जोहे या बाजूला हंगामात कारखान्यांतून रात्रीचे दिवे बंद होत नाहीत. रंगकाम, आखणी, सगळं उजेडात. हल्ली हे दिवे एलईडीचे, आणि एलईडीला वीज पुरवणारा जो छोटा डबा असतो तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. स्वस्तातला असला तर त्याची किरकिर शॉर्टवेव्हभर पसरते. मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, सगळ्यांची जात तीच. रोह्यात वेगळी तऱ्हा. डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे मुंबईचा भडिमार थोडा कमी, पण धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोटारी आहेत, आणि मध्य रेल्वे जिथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते त्या या स्टेशनातल्या २५ हजार व्होल्टच्या तारा आहेत. कुणाला दोष देत नाही. मूर्ती घडायला हव्यात आणि गाड्याही धावायला हव्यात. पण तुमच्या घरातला गोंगाट तरी तुम्ही शोधू शकता. छोटा बॅटरीचा रेडिओ घ्या, केंद्र नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरा. एकेक प्लग काढा. आमच्याकडे गुन्हेगार निघाला देवघरातला दिव्यांचा पट्टा. त्यावर घरात जी चर्चा झाली ती इथे सांगत नाही.

या गोंगाटाचा खरा हिशेब आम्हाला कळला तो ३ जून २०२० ला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तुम्हा सगळ्यांना तो दिवस आठवत असेल. टाळेबंदीचे दिवस, त्यात पत्रे उडाले, खांब आडवे झाले. रोह्यात आमच्या आळीत वीज गेली आणि मोबाइलही मेला. संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही पेटी गाडीच्या बॅटरीवर लावली. ही यंत्रं १२-१३ व्होल्टवर चालतात, साधारण दोन अँपिअर खातात. चांगली बॅटरी असली तर बारा-पंधरा तास निघतात. सुरू केली आणि आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. कारण खरखरच नाही. रोज एस-७ वर बसून असणारी सुई तळाला टेकलेली. केबल तपासली, जोड तपासले. सगळं नीट होतं. अख्ख्या तालुक्याची वीज गेल्यामुळे गोंगाट करणारं काही उरलंच नव्हतं. इतका स्वच्छ शॉर्टवेव्ह आम्ही आयुष्यात ऐकला नव्हता. ज्या रात्री गाव सर्वांत असहाय होतं, त्याच रात्री रेडिओ सर्वांत लांबचं ऐकत होता.

आणि त्याच दिवसांत आमच्याकडून एक चूक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यावर दोघांचं बोलणं चाललं होतं. आवाज येत-जात होता, या लहरी आयनोस्फिअरवरून परतून येतात, त्यामुळे त्या भरती-ओहोटीसारख्या कमी-जास्त होतात. एक वाक्य अर्धवट कानावर पडलं: ‘...परत येतंय, संध्याकाळपर्यंत...’ पुढचं बुडालं. आमच्यातला एक जण पाणी भरायला बाहेर गेला आणि सहज बोलून गेला की रेडिओवर असं असं ऐकलं. अर्ध्या तासात आळीत झालं की वादळ परत येतंय. एका घरानं पत्र्यावर नुकतं टाकलेलं ताडपत्रीचं काम सोडून सामान आवरायला घेतलं. म्हाताऱ्या माणसांना हलवायची बोलणी सुरू झाली. तासाभरानं तेच दोघे पुन्हा नीट ऐकू आले, तेव्हा कळलं की त्यांचा बंद पडलेला रिपीटर, म्हणजे संदेश पुढे ढकलणारं केंद्र, संध्याकाळपर्यंत परत चालू होणार होतं. वादळाचा विषयच नव्हता. आम्ही घरोघर जाऊन सांगितलं. काही जणांनी ऐकून घेतलं, काही जण नंतर कितीतरी दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हते. रास्तच होतं ते. मोबाइल बंद, टीव्ही बंद, अशा वेळी ज्याच्या घरात रेडिओ त्याचा शब्द प्रमाण मानला जातो, आणि आम्ही तो शब्द न तपासता बाहेर सोडला.

तेव्हापासून आमच्या वहीचे नियम कडक आहेत. तारीख आणि वेळ, दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. फ्रिक्वेन्सी. पद्धत, एएम की साइडबँड. कुठली अँटेना. मग सिन्पो नावाचे पाच आकडे, प्रत्येकी १ ते ५: सिग्नलचा जोर, दुसऱ्या केंद्राची ढवळाढवळ, गोंगाट, लहरींचं कमी-जास्त होणं आणि एकूण दर्जा. ५ म्हणजे उत्तम. त्यानंतर ऐकलेले शब्द, जसेच्या तसे. आणि जिथे ऐकू आलं नाही तिथे मोकळी जागा. मोकळी जागा आपल्या अंदाजानं भरायची नाही. ही शेवटची सवय लागायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण आपला मेंदू वाक्य पुरं करायला फार उतावीळ असतो. हीच नोंद पत्रानं किंवा ईमेलनं प्रसारण केंद्राला पाठवली तर काही केंद्रं आजही पोचपावतीचं कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात. इथल्या जुन्या मंडळींपैकी ज्यांनी रेडिओ सिलोन ऐकत वह्या भरल्या त्यांना हे नवीन नाही. शॉर्टवेव्ह आता पूर्वीएवढा गजबजलेला राहिलेला नाही, बीबीसी हिंदीनंही ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह बंद केलं. उरलेल्यात हॅम आहेत, काही देशांची प्रसारणं आहेत आणि वेळ सांगणारी केंद्रं आहेत. चीनचं बीपीएम १० मेगाहर्ट्झवर टकटक करत असतं. ते लावून आपल्या पेटीचा काटा बरोबर आहे का हे तपासता येतं.

वरच्या फ्रिक्वेन्सींचा स्वभाव वेगळा. ३० मेगाहर्ट्झच्या बऱ्याच वर गेलात की लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. क्षितिजापलीकडे सहसा नाही. किती लांब? अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. रोह्यातल्या १० मीटर उंच गच्चीवरून आलं १३ किलोमीटर. तेही समोर डोंगर नसेल तर, आणि इथे तो आहेच. आता हेच यंत्र अवचितगडावर न्या. सुमारे ३०० मीटर उंची. क्षितिज एकदम ७० किलोमीटरवर सरकतं. तीच अँटेना, तोच डबा, फक्त पायपीट जास्त. आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तर ४०० किलोमीटर उंचीवर. ते डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी हौशींसाठी चित्रं पाठवतं, ती डिस्कोनवरसुद्धा उतरतात. एका फेरीला जास्तीत जास्त दहा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात फ्रिक्वेन्सी तीन किलोहर्ट्झ वर, तीन खाली अशी सरकते. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखी. याच भागात १३७ मेगाहर्ट्झला हवामान उपग्रह आहेत. अमेरिकेचे जुने तीन नोआ उपग्रह ज्यांच्यावर आम्ही शिकलो, ते २०२५ च्या उन्हाळा-पावसाळ्यात एकामागोमाग एक बंद झाले. रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची चित्रं अजून मिळतात. अरबी समुद्रावरचे ढग आपण स्वतः उतरवून घेतले की हवामानाची बातमी वाचायची पद्धतच बदलते.

बरं, आता तो प्रश्न. पोलिसांचं ऐकू येतं का?

यंत्राला फ्रिक्वेन्सीवर कुणाचं नाव दिसत नाही. त्या पट्ट्यात काही असेल आणि गुप्त केलेलं नसेल तर ते वाजणार. पण आम्ही ते लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत पहिल्यापासून एक तत्त्व आहे: जे सर्वांसाठी प्रसारित केलेलं नाही ते परवानगीशिवाय ऐकायचं नाही, आणि कानावर पडलं तर कुणाला सांगायचं नाही. आपल्याकडे २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. त्याचं कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झालं. बेकायदा संदेश मध्येच ऐकला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नुसतं यंत्र बाळगण्याचा प्रश्नही आहे. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून आपल्याकडे बिनतारी यंत्र जवळ ठेवायलाच परवाना लागतो हे तत्त्व आहे. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात परवान्याचे पैसे भरल्याचं इथल्या काहींना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. पण ती मोकळीक प्रसारण ऐकणाऱ्या रेडिओला होती. टेबलावरच्या या पेटीला ती आपोआप मिळते असं धरून चालू नका.

मग सरळ मार्ग कोणता? हॅमचा परवाना. १९७८ च्या नियमांत फक्त ऐकणाऱ्यांसाठी वेगळा शॉर्टवेव्ह लिसनर परवाना होता. आता रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोनच श्रेणी आहेत. वय १२ पूर्ण हवं. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, त्यात रेडिओचं तंत्र आणि नियम. जनरलला मोर्सही, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं. दहावीचं विज्ञान समजलेल्या मुलाला रिस्ट्रिक्टेड अवघड नाही. पेटी विकत घेण्याआधी हे करा, आणि पेटीसाठी काय लागतं ते तिथेच लेखी विचारून घ्या. आम्ही उलट्या क्रमानं केलं आणि वर्षभर अँटेना लपवत फिरलो. काही शोभा नव्हती त्यात.

हे आम्ही रायगडात बसून का एवढं ताणून सांगतो? १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला बेवारस नौका लागली, तिच्यात एके-४७ सापडल्या. नौकेचं प्रकरण वेगळं निघालं, पण त्या दिवशी पूर्ण किनारा ताणाखाली होता. अशा जिल्ह्यात गच्चीवर विचित्र आकाराची अँटेना दिसली की शेजारी पोलिसांना कळवणार, आणि त्यांनी कळवावंच. आमच्याकडे एकदा एक हवालदार आले. परवाना दाखवला, वही दाखवली. त्यांनी वही बराच वेळ चाळली. मग विचारलं, ‘‘यात ही मोकळी जागा का सोडलीय जागोजागी?’’ सांगितलं, ऐकू आलं नाही म्हणून. ते हसले, चहा घेतला आणि गेले. सरकार स्वतःही ऐकतच असतं बरं का. वायरलेस मॉनिटरिंग संघटना हे त्यांचं खातं, उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारं त्यांचं केंद्र आपल्या जालन्याला आहे.

प्रश्न थोड्या वेळानं घेऊ. सात वाजायला चार मिनिटं आहेत आणि सर्वांसाठीच असलेली एक गोष्ट ऐकायची आहे. ५१८ किलोहर्ट्झवर जगभर नॅव्हटेक्स नावाची सेवा चालते. समुद्रातल्या जहाजांना वाऱ्याचे, वादळाचे इशारे लेखी मजकुरात पाठवतात. प्रत्येक केंद्राला एक अक्षर, आणि दर चार तासांनी दहा मिनिटांची पाळी. वेंगुर्ल्याचं अक्षर जे, त्याची पाळी आपल्या घड्याळात तीन, सात आणि अकरा, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. पेटी ५१७ वर आणि अप्पर साइडबँडवर लावलीय, म्हणजे एक किलोहर्ट्झची शिट्टी मिळते. तीच तार लॅपटॉपला दिलीय, तो अक्षरं जुळवेल. आलं तर अक्षरं उमटतील, नाही आलं तर आपण वहीत मोकळी जागा सोडू. आता मागच्या बाजूचे ट्यूबलाइट बंद करा. पंखेही. आणि हा प्रोजेक्टरही बंद करूया, सगळ्यात जास्त खरखर त्याचीच आहे. मोबाइलचे चार्जर काढा भिंतीतून... हां, बघा, सुई खाली आली.